चिखल्याची नंदा आणि जपानची देवळं

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही, ते आपोआप साठत जातात. जपानहून आल्यापासून आमच्या ग्रुपचं सकाळचं चालणं जवळजवळ बंदच पडलंय. डहाणूच्या किनाऱ्यावर सगळे जमतो, चार पावलं टाकतो, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "आणि ते क्योटोला काय झालं होतं गं?" की झालं! सगळे बाकावर. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय ते राहिलं बाजूला.

तर ग्रुपमधली महत्त्वाची मंडळी सांगते. मी वासंती, तलासरीच्या शाळेत मास्तरीण होते, आता रिटायर. आमचे हे, घोलवडच्या बाजूला चिकूची वाडी आहे, त्यामुळे चिकू सोडून दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. चिंचणीच्या काशीताई, घरचा मासळीचा धंदा, आवाज असा की बोट परत बोलवावी. आणि चिखल्याची नंदा. हिचेही चिकूच! नवरा वाडी सोडून हलत नाही म्हणून ती एकटीच आली होती.

नंदाचं म्हणाल तर तिला जपान बघायचं नव्हतं. तिचा एकुलता एक मंदार ओसाकाला नोकरीला आहे, आणि त्याने तिथली मुलगी पसंत केलीय. हारुका. नंदाच्या होकारावाचून लग्न करणार नाही म्हणाला, आणि नंदा काही होकार देईना. विमानतळावर तिने सगळ्यांना बजावलं, "मी देवदर्शनाला चाललेय. सून बघायला नाही. मला कुणी विचारायचं नाही."

त्यामुळे अर्थातच दुसरा कुठलाच विषय आमच्या डोक्यात नव्हता.

*

सुरुवात टोकियोच्या विमानतळावरच झाली. सामानाच्या पट्ट्याजवळ उभे असताना आमची टूर मॅनेजर हेतल (उंबरगावची, मराठी झकास बोलते, फक्त घाबरली की गुजरातीत जाते) म्हणाली, "कोणाकडे फळं नाय ना? इथे फळं चालत नाय हां, फेकावी लागतील."

नंदाने इकडेतिकडे बघितलं. मग हळूच पिशवी उघडली. मंदारसाठी आणलेले वाडीतले चिकू! नेमके त्या दिवशी पिकतील असे हिशेबाने काढलेले.

"फेकायचे?" आमचे हे ओरडले. "अहो, चिकू फेकायचे?"

मग काय, तिथेच पट्ट्याला पाठ टेकून सगळ्यांनी चिकू खाल्ले. बॅगा समोरून गोल गोल फिरतायत, आणि आम्ही बोटं चाटतोय. नंदा खाता खाता रडत होती आणि म्हणत होती, "चांगले पिकलेत गं!"

तोंड पुसून बाहेर निघालो, तर एक छोटासा कुत्रा, अंगात युनिफॉर्मचं जाकीट, वास घेत घेत आला आणि आमच्या ह्यांच्यासमोर ठाण मांडून बसला. हलेचना! अधिकारी आला, खिसे तपासले. निघाल्या चिकूच्या बिया! ह्यांनी रुमालात गुंडाळून ठेवल्या होत्या. "कचरा कुठे करायचा म्हणून," म्हणे!

अधिकाऱ्याने हातमोजे घालून बिया घेतल्या, वाकून नमस्कार केला, हेतल गुजरातीत माफी मागत होती. आणि आमचे हे मला कोपर मारून म्हणाले, "वासंती, इथल्या कुत्र्यालासुद्धा चिकू कळतो. मार्केट आहे!"

*

टोकियोत लाल कंदिलाचं एक जुनं मोठं देऊळ आहे. तिथे लोखंडी डबा हलवायचा, त्यातून काडी पडते, काडीवरच्या आकड्याच्या खणातून भविष्याची चिठ्ठी काढायची. चिठ्ठी चांगली निघाली तर घरी न्यायची. वाईट निघाली तर तिथल्या दांडीला बांधून टाकायची, म्हणजे वाईट तिथेच राहतं.

काशीताईंना वाईट निघाली. त्यांनी ती अशी गाठ मारून बांधली की वादळातसुद्धा सुटायची नाही. "जाळ्याची गाठ आहे बाय," म्हणाल्या, "आता बघू कशी मागे येते!"

मग नंदाने काढली. मागे इंग्रजीत लिहिलेलं होतं, हेतलने वाचून दाखवलं. "मावशी, एकदम मस्त! आजारी माणूस बरा होईल, हरवलेली वस्तू मिळेल, आणि लग्नकार्य उत्तम!"

नंदाने चिठ्ठी घेतली, घडी घातली, सरळ दांडीपाशी गेली आणि वाईट चिठ्ठ्यांमध्ये नेऊन बांधली.

"अरे मावशी, असं नाय करायचं! चांगली तर घरी न्यायची!"

"माहितेय मला," नंदा म्हणाली.

*

क्योटोतल्या एका देवळाची बाग म्हणजे नुसतं हिरवंगार शेवाळ. गालिचा अंथरावा तसं. देवळातल्या दोन-तीन वयस्क बायका टोप्या घालून, उकिडव्या बसून तण काढत होत्या. एकेक काडी अशी नाजूक हाताने, की मी तर बघतच राहिले.

मी बघत राहिले, तेवढ्यात आमचे हे शेजारून गायब!

वळून बघते तर स्वारी दोरी ओलांडून त्या बायकांच्या रांगेत उकिडवी बसलेली. मदतीला! आता आमच्याकडे पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरलं की माणसं घसरून हाडं मोडून घेतात. ब्लीचिंग पावडर टाकायची आणि खराट्याने खरवडायचं, हे ह्यांचं दरवर्षीचं काम. त्यामुळे ह्यांना काय काढायचं ते विचारायची गरजच वाटली नाही. दोन्ही हातांनी ओंजळभर शेवाळ उपटलं आणि त्या बायकांना अभिमानाने दाखवलं, "हे बघा! मुळासकट!"

एक बाई तोंडावर हात ठेवून तशीच बसली. दुसरीच्या हातातून तण खाली पडलं.

हेतल धावत आली. "काका! काका, एमनुं एम रहेवा दो! ते शेवाळच ठेवायचं असतं, बाकीचं काढतात!"

"म्हणजे उलटं?" आमचे हे.

मग बिचाऱ्यांनी ते शेवाळ परत जागेवर ठेवलं, रोप लावताना दाबतात तसं कडेने दाबलं, आणि शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, "पाणी घालू का?"

त्या बायका शेवटी हसल्या. मी मात्र आजही हसत नाही, कारण घरी आल्यापासून मागच्या अंगणातलं शेवाळ खरवडायला ह्यांनी साफ नकार दिलाय. "जपानी गार्डन आहे ते. पाय ठेवायचा नाही!"

*

काशीताई देवळांना तशा कंटाळल्या होत्या. "पाय दुखतात गो, आणि देव काही नीट दिसत नाय, सगळा अंधारात बसलाय!" पण क्योटोचा मासळीबाजार दिसला आणि पायदुखी कुठल्या कुठे पळाली.

सरळ एका दुकानात घुसल्या, बर्फावर मांडलेला एक मासा उचलला, आणि कल्ला वर करून आत लाल आहे का ते बघायला लागल्या. आता जपानात मालाला हात लावायची पद्धत नाही! दुकानदार हादरलाच. पण ओरडायची पद्धतही नसावी. त्याने वाकून नमस्कार केला.

काशीताईंना वाटलं, कौतुक करतोय. त्यांनी मासा धरूनच परत नमस्कार केला. तो आणखी खाली वाकला. ह्या आणखी खाली. असं चाललं होतं बराच वेळ. मागे गिऱ्हाइकं उभी, पण कुणी हूं की चूं नाही.

अखेर काशीताई कमरेला हात लावून सरळ झाल्या, मासा जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढा पाया पडतोय, पण भाव काय सांगत नाय मेला!"

*

आणि त्याच संध्याकाळी मंदार हारुकाला घेऊन आला. हॉटेलच्या लॉबीत.

मंदारने तिला शिकवून ठेवलं होतं, आईच्या पाया पडायचं. इकडे हेतलने नंदाला शिकवून ठेवलं होतं, कमरेत वाकायचं. दोघी एकाच वेळी वाकल्या, आणि डोक्यावर डोकं असं आपटलं की काउंटरवरचा माणूस उठून उभा राहिला!

आता डोक्याला डोकं एकदाच लागलं तर शिंगं येतात, म्हणून लगेच पुन्हा लावायचं, हे आपल्याकडे लहान पोराला माहीत असतं. नंदाचा हात आपसूकच पुढे गेला. तिने त्या पोरीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि टक्! पुन्हा लावलं.

हारुकाचे डोळे मोठे झाले. मग ती गोड हसली. तिच्या लक्षात आलं, अच्छा, भारतात असं करतात!

मग तिने माझ्या डोक्याला डोकं लावलं. दोनदा. मग काशीताईंच्या. मग आमच्या ह्यांच्या. हे तर टेंगूळ आलं तरी खूष! मंदार "अगं, नको, नको" म्हणेपर्यंत हेतलचंही झालं होतं.

आम्ही हसून हसून बेजार. पण रात्रीचं जेवण झाल्यावर नंदा माझ्याजवळ बसली ती अगदी उतरलेल्या चेहऱ्याने.

"मुलगी गोड आहे गं," म्हणाली. "मी म्हटलं तिखट चालेल का, तर मान डोलावली. म्हटलं वाडीत डास आहेत, तरी मान डोलावली. मंदारने भाषांतर केलं, तरी सगळ्याला हसून होच! मनातलं कधी कळायचं हिच्या? पाहुण्यासारखी राहील जन्मभर, आणि मी तिच्या पुढे पुढे करत मरेन. मला घरात पाहुणी नकोय, वासंती. सून हवीय."

मीही मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवशी नारा गावची सहल. हारुकाही आमच्यासोबत. परतीला एकच दिवस उरला होता, तेव्हा मंदारने बसमध्ये विषय काढला. "आई, काय ते आज सांग. नाही असेल तर नाही सांग. पण सांग."

नंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मोठ्या बुद्धाचं दर्शन घेते, मग सांगते."

नाराचा बुद्ध म्हणजे काय सांगू! मान वर करून करून दुखते. दर्शन झालं. मंदार आईकडे बघतोय, आई खांबाकडे बघतेय.

खांबाकडे, कारण मूर्तीच्या मागे एका लाकडी खांबाला बुंध्याशी आरपार भोक आहे. बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणे. त्यातून जो पलीकडे निघाला त्याला ज्ञान मिळतं. शाळेची पोरं रांगेत उभी राहून सुळकन् जात होती.

"आई..." मंदार म्हणाला.

"मी जाते ह्यातून," नंदा म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी!

आता नंदा तशी शेलाटी आहे, पण अंगात सहावारी, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट. आम्ही भोकाच्या पुढच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. डोकं आलं, हात आले, खांदे आले. आणि मग पुढे काही येईना. अर्धी नंदा आमच्या बाजूला, अर्धी पलीकडे!

"ओढ रे मंदार!" मंदारने हात धरून ओढलं. "अरे, हात उपटतोस काय!" आमचे हे म्हणाले, "तेल हवं होतं." काशीताईंनी देवाचा धावा सुरू केला. हेतल पूर्ण गुजरातीत गेली.

इतक्यात पलीकडून एक आवाज आला. असा खणखणीत, असा दरडावणारा, की मला माझी तलासरीची पाचवी ड आठवली. मी खांबाच्या कडेने वाकून बघितलं. हारुका! कोट काढून फेकलेला, बाह्या वर, जमिनीवर बसून दोन्ही हातांनी नंदाला ढकलतेय आणि जपानीत ओरडतेय!

"कोण आहे गं मागे?" नंदा किंचाळली. "ढकलू नकोस! साडी! अगं, साडी सुटेल!"

मागून आणखी मोठ्याने जपानी.

"ओरडतेस कुणावर? मी काय मुद्दाम अडकलेय? हळू! हळू म्हणते ना!"

मागून आणखी काहीतरी, आणि एक जोरदार धक्का.

"तुझ्या आईला ढकलशील का अशी? आगाऊ कुठली! थांब, बाहेर येऊ दे मला!"

मागूनही तोडीस तोड. बुद्धाच्या देवळात, एका खांबाच्या दोन तोंडांनी, दोघींची अशी जुंपली की रांगेतली पोरं हसायची थांबून ऐकायला लागली. मंदारने तर डोळेच मिटून घेतले. तो मला हळूच म्हणाला, "संपलं, मावशी. सगळं संपलं."

आणि फटकन् नंदा बाहेर!

जमिनीवर बसली. केस सुटलेले, चष्मा एकाच कानावर. खांबाला वळसा घालून हारुका धावत आली, लालबुंद. आपण काय केलं ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. ती गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकली.

नंदाने चष्मा नीट केला. "मंदार, काय ओरडत होती ही?"

"काही नाही गं आई. ती घाबरली होती."

"खरं सांग."

"म्हणत होती, श्वास सोडा. पोट आत घ्या."

"एवढंच? एवढं लांबलचक?"

"आणि... आणि म्हणत होती, जरा वेळ तोंड बंद ठेवा, म्हणजे सुटाल."

आम्ही कुणी कुणाकडे बघेना. नंदाने हारुकाकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग तिचा दंड धरून तिला शेजारी बसवून घेतलं, आणि चक्क मराठीत म्हणाली, "हे बघ, मे महिन्यात चिखल्याला फार उकडतं. लग्न त्याआधी उरकून घेऊ."

हारुकाने मंदारकडे पाहिलं. मंदार घाईघाईने भाषांतर करायला पुढे झाला.

"तू मधे बोलू नकोस रे," नंदा म्हणाली. "आमचं चाललंय."