रांगेच्या मागची यमुबाई

यमुबाईची सायकल नेहमी सगळ्यात मागे. पुढे गावच्या पाचवी ते दहावीच्या पोरी, एकीमागे एक, आणि शेवटी ही शाळेत खिचडी शिजवणारी विधवा बाई, लुगड्याचा काष्टा मारून. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पुढं राह्यली त मले रस्ता दिसन. मांगं राह्यली त पोरी दिसतेत."

आमचा शाळेचा रस्ता जंगलातून जातो. त्यावर एक भेव वाघाचं आणि दुसरं खाणीच्या ट्रकांचं. आता बघा, दोन्हींचे उपाय उलटे. वाघासाठी घोळक्यानं, गलका करत जावं, ही आमची बापजाद्यांची रीत. ट्रकसाठी मात्र एका रांगेत, कडेनं. यमुबाईनं तोड काढली. ओढण्या कमरेला बांधायच्या, रांग मोडायची नाही, पण तोंडही मिटायचं नाही. "बोंबला वं माय, पन आपापल्या जागी!"

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी पुढची पोरगी "वाघ!" म्हणून किंचाळली. झालं. सायकली टाकून सगळ्या रस्त्याच्या मधोमध एकमेकींना बिलगल्या, पाचवीतली माझी नातही त्यात. तेवढ्यात मागून ट्रक. यमुबाईनं आपली सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि पदर हलवत ट्रकसमोर उभी राहिली. सायकलीचा चेंदा करून ट्रक थांबला. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. "देजो बाबू, सावकाश देजो," ती म्हणाली, "आधी ह्या पोरीयले बाजूले होऊ दे."

वाघ कोणालाच दिसला नाही.

संध्याकाळी सगळे बाप जमले. पोरींची शाळा बंद, असं ठरत आलं होतं. माझा मुलगाही त्यांच्यातच. यमुबाई उठली. "घरी बसवून काय कराल, भाऊ? धानाच्या रोवणीले न्याल, सरपनाले धाडाल. तिथी वाघ येत नाई का?" शेवटी बाप म्हणाले, यमुबाई रोज मागे असेल तरच पोरी जातील. तिला विचारलं कोणी नाही. घरी येताना मला म्हणाली, "शिकनार पोरी, अन् फी भरनार माहे गुडघे."

मग काय, तिनं कुठून तरी एक जुनी सायकल मिळवली, आणि ताप असो, कंबर धरलेली असो, ती निघायचीच. ती नाही गेली तर रांगच नाही. वर्षामागून वर्षं गेली, तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून मीच थकून जायची.

यंदा तिला सायकलीवर टांग टाकता येईना. सकाळी पोरी चौकात खोळंबल्या. बाप आपापल्या मोटारसायकली पुसत होते. कोणी हलेना. मग दहावीतली माझी नात रांगेच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि रांग निघाली.

यमुबाई माझ्या ओट्यावर बसली होती. रांग वळणाआड गेली तरी तिची नजर रस्त्यावरच.

"पोरगीच हाय वं ते," ती म्हणाली. "तिच्या मांगं कोन हाय?"