बसून मारलेली लाथ

माझ्या मोठ्या भावाची दोन बोटं मागच्या हंगामात सोयाबीन काढताना थ्रेशरच्या पट्ट्यात गेली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि पुढच्या ड्रेसिंगसाठी तो रिसोडला माझ्याकडे येऊन राहिला. त्याच्या गावी, मेडशीला, वहिनीच्या अंगावर अर्धं सोयाबीन, सगळी तूर आणि आमचे आजारी बाबा होते. माझी मुलगी शिकायला वाशिमला असते, तिची खोली रिकामी होती. मीच म्हटलं, पाठवा त्याला. हे मीच म्हटलं होतं, असं पुढचा दीड महिना मी स्वतःला रोज सांगत होते.

आमचं घर गावाच्या कडेला, मळ्याला लागून. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि सकाळी बाजारात नेतो. भावाला बसल्या जागेवरून सगळं दिसायचं आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचं काहीतरी म्हणणं असायचं. वांग्याला पाणी जास्त होतंय, ड्रिपची नळी वाकडी टाकलीय, चहात साखर कमी आहे. माझे मिस्टर दोन दिवसांतच शहाणे झाले आणि डबा घेऊन मळ्यातच जेवायला लागले. मला ती सोय नव्हती.

डॉक्टरांनी त्याला रबराचा चेंडू दिला होता. सकाळ-संध्याकाळ दाबायचा, उरलेल्या बोटांना काम द्यायचं, नाहीतर हात आखडेल, असं त्यांनी माझ्यासमोर दोनदा बजावलं होतं. भाऊ चेंडू उशाशी ठेवायचा आणि हात टॉवेलखाली. जेवायचा डाव्या हातानं. मी चेंडू हातात दिला की म्हणायचा, ठेव तिथं, करतो. त्यानं तो कधीच दाबला नाही. मी रागावले, समजावलं, वहिनीला फोन लावून तिलाही बोलायला लावलं. शेवटी मी त्याच्याशी बोलायचीच बंद झाले, पण एका घरात ते किती वेळ चालणार.

एकदा बाजारातून येताना मोबाईलच्या दुकानात मला टीव्हीला जोडायचा गेम दिसला. दोन रिमोट, आणि आत जुने खेळ भरलेले. दुकानदारानं लावून दाखवला, तर त्यात आमचा कराटेवाला खेळ होता. लहानपणी बाबांनी वाशिमहून व्हिडिओ गेम आणला होता, त्याच्या एका कॅसेटमध्ये हाच होता. पांढऱ्या कपड्यातला एक, लाल कपड्यातला एक, मागे देवळासारखी लाल इमारत आणि खेळभर वाजणारी तीच कर्कश पिपाणी. लाईट असली की आम्ही दोघं त्यावर भांडायचो. मी तो घेतला. मनात एवढंच होतं की निदान त्याचं तोंड तरी बंद राहील.

भावानं आधी हसून घेतलं. मग म्हणाला, लाव तर खरं.

त्या रिमोटला दोन्ही हात लागतात. डाव्या अंगठ्यानं माणूस हलवायचा, उजव्यानं मारायचं. त्याचा उजवा अंगठा शाबूत होता, पण खालून धरायला बोटं कमी, त्यामुळे रिमोट घसरायचा. पहिले चार-पाच डाव मी सहज जिंकले. तो म्हणाला रिमोट खराब आहे. बदलून दिला. मग म्हणाला टीव्हीच खराब आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यातून आले तेव्हा त्यानं मांडीवर उशी घेतली होती, रिमोट तिच्यात रुतवला होता, टॉवेल बाजूला पडला होता आणि तो एकटाच कॉम्प्युटरशी लढत होता. मला बरं वाटलं, हे कबूल करते. ते बरं वाटणं जेमतेम दोन-तीन तास टिकलं.

कारण संध्याकाळी त्यानं मला हरवलं, आणि ज्या पद्धतीनं हरवलं ती मला अजून सहन होत नाही. त्या खेळात उडी मारून लाथ मारता येते, गिरकी घेता येते, खाली-पुढे बटण दाबून हातातून आगीचा गोळा सोडता येतो. मला हे सगळं अजून येत होतं, माझं मलाच नवल वाटलं. भाऊ यातलं काहीच करायचा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि बसल्या बसल्या पायावर लाथ मारत राहायचा. मी उडी मारून आले की लाथ. चालत आले की लाथ. गोळा सोडला की तो हात आडवे धरून अडवायचा, आणि मी जवळ गेले की परत लाथ. माझा माणूस धपकन पडायचा, उठायचा, परत पडायचा.

"हे काय खेळणं हाये भाऊ? उठ ना, मोकळ्यात ये," मी म्हणायची.

"जितलो ना? मंग झालं."

रोज हेच. भाजी गॅसवर ठेवून मी एक डाव म्हणून बसायची, हरायची, मग दुसरा. दोनदा वांगी करपली. मिस्टरांनी एकदा विचारलं की तू त्याला खेळवतेस की तो तुला. मी चाळीस पार केलेली बाई, आणि भाकरी थापताना डोक्यात विचार काय, तर त्या कोपऱ्यातून त्याला बाहेर कसं काढायचं.

मग ती मेथीची दुपार आली. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, दोन मजूर बाया आल्या नव्हत्या, आणि उपटलेली मेथी अंगणात ढिगानं पडली होती. मी एकटी जुड्या बांधत होते. भाऊ आत खेळत होता, पिपाणीचा आवाज सारखा बाहेर येत होता. मी त्याला हाक मारली की थोडा हातभार लाव. तो म्हणाला, हात कुठं चालतो माझा. एक तास गेला. आवाज चालूच. मी उठले, आत गेले आणि टीव्हीची पिन ओढली.

"गेम खेळाले हात हाये तुले, मेथीची जुडी बांधाले नाई?"

त्यानं रिमोट उशीवर ठेवला आणि हात टॉवेलखाली घेतला. आता भांडेल म्हणून मी उभीच राहिले, माझी तयारी होती. तो खाली बघत म्हणाला, "गाठ नाई बसत मायी. पायजम्याची नाडीबी बांधता नाई येत. म्हून तं रबरवाली पँट घालून राह्यलो."

महिना होत आला होता. मी रोज त्याच्या पँटी धूत होते. घरी कायम पायजमा घालणारा माणूस माझ्याकडे रोज इलास्टिकच्या पँटीत का असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या मला त्याचा जेवढा राग आला होता, त्याहून जास्त माझा आला.

मी काही चांगलं बोलले नाही. मला तसं बोलता येत नाही. सुतळी आणि मेथीची एक मूठ आणून त्याच्यापुढे टाकली आणि म्हटलं, सुटली तर सुटली, आपण घरी खाऊ. तो बसला. सुतळीचं एक टोक दातात धरलं, दुसरं अंगठ्यानं ओढलं. पहिली जुडी उचलताच सुटली, दुसरीही. मी कसं करायचं ते दाखवायला गेले, तर म्हणाला, तू तुयं पाह्य. दिवस मावळेपर्यंत त्यानं वीस-पंचवीस बांधल्या. सकाळी त्यातल्या निम्म्या बाजारात उलगडल्या, गिऱ्हाईकं बोलली, आणि मिस्टरांनी घरी येऊन सांगितलं की तुझ्या भावाच्या जुड्या यापुढे वेगळ्या ठेव. आम्ही तीन दिवस मेथी खाल्ली. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, रोज मेथीच काय करतेस.

पण तो बांधत राहिला. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या जुड्या बाजारात जाऊ लागल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी त्याला आपला हात धरून दाबायला लावला, खूश झाले आणि कोणता व्यायाम केला ते विचारलं. माझ्या देखत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, भाऊ म्हणाला, तुमचा चेंडू दाबला, रोज दोन वेळा. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, पेशंट असा पाहिजे. ऑटोत बसल्यावर मी त्याला जे बोलले, ते तो बाहेर बघत ऐकत होता.

तो पायजमा घालून गेला. एसटीत चढताना पिशवी डाव्या हातात होती आणि उजव्यानं त्यानं दांडा धरला. मी खालून बघत होते, तर वरून म्हणाला, जाय आता, मळ्यात कोणी नाई.

यंदा तो थ्रेशरच्या जवळ गेला नाही, पेंढ्या टाकायला माणूस लावला, असं वहिनी सांगते. बाकी कामं करतो. आणखी एक गोष्ट तिनं हसत हसत सांगितली. गावात कोणी विचारलं की इतके दिवस रिसोडला काय करत होतास, तर भाऊ सांगतो की बहिणीला मेथीचं काम एकटीनं जमत नव्हतं, म्हणून थांबावं लागलं. मी लगेच त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही.