नीलाक्काची बावची

नीलाक्का कुणाच्याही ओसरीवर आली की आधी समोरच्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. विचारायची पद्धत नव्हती. बसवकल्याणच्या आमच्या गल्लीत तिच्या झाडपाल्याच्या औषधांमुळे तिला सगळे मान देत. मला ती कधीच आवडली नाही, आणि आता ती इथे राहत नाही म्हणून गोड बोलावं असंही मला वाटत नाही.

माझी धाकटी बहीण रेखा साड्यांच्या दुकानात होती. साडी खांद्यावर टाकून गिऱ्हाइकांना दाखवायचं तिचं काम, आणि त्यात तिचा जीव होता. कातडी मात्र भारी नाजूक. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसाठी तिने रेटिनॉलचं क्रीम लावलं, तर गाल लाल होऊन सोलले. कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंनी ते बंद केलं आणि बावचीच्या बियांपासून शुद्ध करून काढलेलं सौम्य सीरम लिहून दिलं. तेही आधी कानामागे लावून बघायचं, आणि रात्रीच लावायचं.

बावचीचं नाव नीलाक्काच्या कानावर गेलं आणि झालं.

"कामून गं बाटलीतलं लावायलीस? बावची आमच्या घरची हाय. सासऱ्याचं कोड मीच बरं केलंय. झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तीच तिने रेखाच्या सुरकुत्यांना लावली. बिया कुटून तेलात कालवल्या, तोंडभर थापल्या आणि पोरीला गच्चीवर उन्हात बसवलं. मी तेव्हा शाळेत शिकवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी रेखाच्या गालांवर फोड आले. कच्च्या बावचीवर ऊन पडलं की कातडी भाजते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नीलाक्काचं निदान वेगळं होतं. "आतली घाण भाईर पडायलीय. भिऊ नगंस."

फोड गेले, काळे चट्टे राहिले. दुकानाच्या मालकाने रेखाला मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालायला बसवलं. इकडे नीलाक्का गल्लीभर सांगत फिरली, "पोरीची कातडीच तसली, म्या काय करू?" सगळ्यांनी माना डोलावल्या. रेखासुद्धा म्हणायची, "जाऊ दे गं, मायेनं केलं तिनं." आग लागो असल्या मायेला.

नीलाक्का सोलापूरला मुलाकडे कायमची निघाली, त्या दिवशी रेखाने मला ओढतच निरोपाला नेलं. न्यायला आलेली सून आत होती, कडेवर रडणारी नात. नातीच्या गालावर पुरळ उठलं होतं. सून सहाणेवर काहीतरी उगाळून लावायला गेली, तर नीलाक्काने तिचा हात घट्ट धरला.

"काय बी लावू नगं लेकराच्या तोंडाला! आदी डाक्टरला दाव."

"व्हय, अक्का?" मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग रेखाच्या गालांकडे. मग मान खाली घालून पिशवीचे बंद बांधू लागली. म्हणजे तिला कळलं होतं. कधीचंच कळलं होतं.

रेखा वाकून तिच्या पाया पडली. त्या डोक्यावर हात ठेवून "चुकलं गं माझं" एवढंच नीलाक्काने म्हणायला हवं होतं. तिने मात्र तोंडभरून आशीर्वाद दिला.