सलीमभाऊ आणि मी पुसलेली हद्द

सलीमभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या बसमध्ये होते. त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, अब्बा गेले." परतीची बस पकडून चंद्रपूरला पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

चंद्रपुरात कोटाच्या आत त्यांचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, पाट्या आणि आमच्या संघटनेची पत्रकं-निवेदनं, सगळं एकाच संगणकावर. माझ्या प्रत्येक ओळीमागे तीन उद्गारचिन्हं असायची. "पोरी, साहेब बहिरा आहे काय? एकानं ऐकू येते," म्हणत ते दोन खोडायचे. मी चिडायचे.

पुढे आम्ही जंगलातल्या एका गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करायला घेतला. कुठल्या टेकडीपासून कुठल्या नाल्यापर्यंत गाव मोहफूल, तेंदू, बांबू आणत आलंय, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून लिहून घ्यायचं. दावा मंजूर झाला तर त्या जंगलावर गावाचा हक्क; नाहीतर आपल्याच रानात चोरासारखं शिरा. मी टाइप करणार, भाऊ दुरुस्त करणार. दोघांचं काम एकमेकांवर चढू नये म्हणून मी प्रोग्रामर लोक वापरतात तसलं सॉफ्टवेअर आणलं. रंगीत रेघा, खिडक्या, बटणं. "यात काहीच हरवत नाही," असं मीच भाऊंना छातीठोकपणे सांगितलं होतं.

मैनाबाई गावातली सर्वांत म्हातारी. ती दोन दिवस बोलली आणि मी थेट लॅपटॉपवर टाइप केलं, वहीत एक ओळ नाही. तिथं नेटवर्क नव्हतं, म्हणून त्या कामाची नोंद, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ते कायमचं जपून ठेवणं, दुकानात येऊन करू म्हटलं. नोंद नेटवर्कशिवायही करता येते, हे मला ठाऊकच नव्हतं. दुकानात खिडकी उघडली तर लाल पट्टी... भाऊंचे बदल आणि माझे बदल जुळत नाहीत. खाली इंग्रजीत बटण, बदल टाकून द्या. मला वाटलं, भाऊंचे टाकेल. दाबलं. माझे दोन दिवस गेले, आणि नोंदच नव्हती म्हणून परत आणायलाही काही उरलं नाही.

त्या बटणाला मी तासभर शिव्या घातल्या. आजही घालते. माणसाचं बोलणं एका टिचकीत पुसणारं बटण बनवणाऱ्याला एकदा ग्रामसभेपुढे उभं करायला हवं. माझं संपल्यावर भाऊंनी विचारलं, "कोणाचं होतं त्यात?"

"मैनाबाईचं."

"मंग तिच्यापाशी चाल." त्यांनी शटर ओढलं.

वाटेत मी म्हटलं, मशीन बिघडलं म्हणून सांगू. मैनाबाईसमोर बसल्यावर मात्र मशीन हा शब्द तोंडातून निघेना. "बाई, मीच पुसलं."

"सारं?"

"सारं."

"दोन दिवस बोलून माहा घसा बसला, अन् तू पुसून आली!" म्हातारीनं काठी उचलली. "आता बसून नाई सांगत. चाला."

दुखऱ्या गुडघ्यांनी भाऊ वही घेऊन तिच्यामागे नाल्यापर्यंत गेले. परतल्यावर माझ्या लक्षात आलं, आधी सांगितलेलं बांबूचं रान यात नाही. मी परस्पर लिहायला घेतलं. भाऊंनी पेन काढून घेतला. "तुले आठवते म्हणून नाई लिहाचं. तिले विचार."

विचारलं. मैनाबाई खुदकन हसली. "तेच पाहून राह्यली होती मी. तू आयकत होती, का नुसती खटखट करत होती."

दावा वेळेत दाखल झाला. हळूहळू ते सॉफ्टवेअर भाऊच माझ्यापेक्षा नीट वापरायला लागले. त्यात प्रत्येक नोंदीसोबत दोन शब्द लिहायची जागा असते. माझ्या नोंदी अशा: 'बदल', 'बदल २', 'बदल नवीन'. भाऊंची एक अशी: 'नाल्याचं जुनं नाव मैनाबाईनं सांगितलं, ते घातलं.'

त्यांची शेवटची नोंद जाण्याच्या दोन दिवस आधीची आहे. टेकडीमागच्या वाटेबद्दल शंका काढून सरकारी कचेरीनं दावा परत पाठवला होता. एवढ्या पानांत एक वाट साहेबांना खुपली! भाऊंनी लिहिलंय, 'टेकडीमागच्या वाटेनं कोण जाते, हे मैनाबाईले विचाराचं आहे.'

सोमवारी मी वही घेऊन जाते आहे. भाऊ गेले हे मैनाबाईला अजून कुणी सांगितलेलं नाही. आधी ते सांगेन... मग वाट विचारेन.