सहा इंचांतले दोन सूत

मला वाकडी रेघ सहन होत नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करते, मग पाणी पिते. सासरी पहिल्याच दिवशी मी देव्हाऱ्यामागची तसबीर सरळ केली, त्याबद्दल सासूबाई अजून सुनावतात. अशा बाईने तुमसरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागावं आणि तिच्या हाती लग्नपत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर यावं, हे माझं नशीब.

कारखाना राइस मिलच्या मशिनींचा. शेठना सुट्या भागांचं पुस्तक काढायचं होतं. प्रत्येक भागाचं चित्र, त्याची मापं, त्याचा नंबर, म्हणजे गिऱ्हाइकाने फोनवर नुसता नंबर सांगावा. चित्रं काढायला मी होते. कॉम्प्युटर मात्र शेठच्या मेहुण्याच्या बंद पडलेल्या पत्रिकांच्या दुकानातून आला होता. त्यात मोर होते, कलश होते, नाचणारे, बसलेले, मोदक खाणारे गणपती होते. एका रेघेचं टोक दुसऱ्या रेघेला नेमकं जोडायची सोय तेवढी नव्हती. दोन रेघा जुळल्यासारख्या दिसायच्या आणि चित्र मोठं करून पाहिलं की मधून बैलबंडी जाईल एवढी फट. चेनच्या चाकाचे दात मी एकेक करून बसवले, तर फेरी पूर्ण होताना शेवटी अर्धाच दात उरला. शेठ तो कागद आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवायचे.

शेवटी मी चिडून अर्ज लिहिला. नवं सॉफ्टवेअर हवं, आणि त्यात काय काय हवं. रेघेचं टोक जवळ नेलं की ते दुसऱ्या टोकाला आपोआप चिकटावं. वर्तुळाचा मध्य त्याने दाखवावा, मी डोळे ताणून शोधू नये. माप आकडा टाकून देता यावं, माउस ओढून अंदाजाने नव्हे. चाकाला दात किती ते एकदा सांगितलं की त्याने ते सारखे वाटून द्यावेत. शेठनी अर्ज वाचला, घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवला आणि म्हणाले की आता आणखी एक चूक झाली, तर पुस्तकाचं काम नागपूरला देईन. म्हणजे मी घरी, सासूबाईंसमोर.

त्यानंतर मी प्रत्येक आकडा तीनदा तपासू लागले. तरी चूक झालीच.

दिवाळी झाली होती, नवं धान यायला लागलं होतं. सानगडीकडच्या एका मिलमध्ये धान वर चढवणारा पट्टा बंद पडला होता, त्याच्या बेअरिंगखालची लोखंडी प्लेट हवी होती. चार छिद्रं, सहा इंचांच्या अंतरावर. मी चित्र काढून कागद आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीकाकांना दिला, त्यांनी प्लेट करून दिली, मिलचा माणूस घाईघाईने घेऊन गेला. दुपारी फोन आला की एकही बोल्ट बसत नाही. छिद्रांमधलं अंतर सहा इंचांपेक्षा दोन सूत कमी होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिल बंद, अंगणात धानाचे ढीग, आणि मिलमालक फोनवर जे बोलला ते शेठनी आम्हाला सगळं सांगितलं नाही.

संध्याकाळी मी आणि मिस्त्रीकाका, दोघांनी जाब द्यायला यायचं, असा हुकूम झाला. मी कॉम्प्युटरवर चित्र उघडून पाहिलं, आकडा अगदी बरोबर होता. म्हणजे चूक मिस्त्रीकाकांची. मी मनातल्या मनात अर्ज टेबलाखालून काढलासुद्धा. पण तीस वर्षं लोखंड कापणारा माणूस दोन सूत चुकतो कसा, हे डोक्यातून जाईना. मी त्यांच्या टेबलाखालचा कचरा उपसला. माझा कागद तिथेच पडला होता, पाठीला गोंद लागलेला, आणि प्रत्येक छिद्राच्या मध्यावर एक बारीक भोक. काकांनी माप वाचलंच नव्हतं. कागद प्लेटवर चिकटवून, वरून ठोकून खुणा केल्या होत्या.

मग मी कागदावर पट्टी ठेवली. चित्र खरोखरच दोन सूत आकसलं होतं. ते पत्रिकेचं सॉफ्टवेअर! छापताना ते वरती गणपतीला आणि भोवती तोरणाला जागा सोडायचं आणि बाकीचं सगळं दाबून मध्ये बसवायचं. गणपती मी काढून टाकला होता, त्याची जागा तशीच राहिली होती.

तरीही राग काकांवरच आला. चित्रावरून कधी माप घ्यायचं नाही, लिहिलेला आकडा वाचायचा, हे आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. मी कागद त्यांच्यापुढे नाचवून हेच सुनावलं. ते ग्राइंडर बंद करून खाली बसले.

"रेघ दिसते मले, बाई. आकडा नाही दिसत," ते म्हणाले. "शेठले नोको सांगू. बसवून देतीन ते मले घरी."

घरी बसायची भीती काय असते ते मला नवं नव्हतं. मला माझ्याच रागाची लाज वाटली.

संध्याकाळी मी शेठना सांगितलं की कागद चिकटवून खुणा करा असं मीच काकांना म्हटलं होतं, आणि कागद आकसून छापला गेला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे मी नको तेवढं बोलले. चित्र खऱ्या मापात, सहा इंचांना सहा इंच छापता आलं पाहिजे, हे अर्जात लिहायचं राहिलं होतं, तेही सांगून टाकलं. काका माझ्याकडे बघत उभे होते. शेठनी दुसरी प्लेट रातोरात करायला सांगून त्यांना पाठवलं आणि मला थांबवलं.

मी नागपूरचं नाव ऐकायच्या तयारीने उभी राहिले. शेठनी वाकून टेबलाच्या पायाखालून अर्ज काढला. टेबल एका बाजूला कललं.

"हे सॉफ्टवेअर घेऊ आपण," ते म्हणाले. "अन् आकडे मोठे काढत जा. त्याले दोन वर्सापासून दिसत नाही."

शेठ आवाज खाली करून म्हणाले की ते काकांचा प्रत्येक भाग रोज संध्याकाळी, काका घरी गेल्यावर, स्वतः पट्टी लावून मोजतात आणि चुकला तर दुसऱ्याकडून नीट करून घेतात. आज सानगडीवाल्याने घाई केली आणि मोजायचं राहून गेलं.

"म्हणून चूक माही आहे," ते म्हणाले. "पण त्याले नोको सांगू का मले मालूम आहे. त्याले लई लागन."

मी नाही सांगणार म्हटलं. बाहेर काका नवी प्लेट शिकंज्यात घट्ट आवळून बसवत होते. मला पाहून त्यांनी हळूच विचारलं की शेठला काही कळलं तर नाही ना. मी म्हटलं, नाही. मग मी पट्टी उचलून प्लेटवर धरली आणि एकेक माप मोठ्याने वाचायला लागले.