साहेबांचा ओटीपी माझ्या मोबाइलवर

मंडळी, आज जीव थंड झाला. परळच्या ज्या ऑफिसात मी ग्राहकांच्या दीडशे वेबसाइटची डोमेन नावं सांभाळायचो, तिथल्या साहेबांचा फोन आला.

सगळ्या नावांना लॉगिन एकच आणि मोबाइल नंबर माझा, कारण साहेबांना ओटीपीची कटकट नको होती. मला काढलं तेव्हा "नंबर बदलून घ्या" असं मी लेखी दिलं होतं. त्यांनी तो कागद सगळ्यांसमोर चुरगळून माझ्या अंगावर फेकला.

आज नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन होईना. "अरे राजा, तेवढा ओटीपी सांग ना!"

म्हटलं, "साहेब, लेखी अर्ज घेऊन घोडपदेवला या. आमच्या चाळीसमोर चुरगळतो, मग सांगतो."

आत्ताच मेसेज आलाय, साहेब निघालेत. बोला, चुरगळू की सरळ फाडू?