आधी कोंबडा तपासायचा असतो
शेवंताबाईंनी त्या उन्हाळ्यात दोन कोंबड्या कापल्या. अंड्यांवर खुडूक बसवायच्या, एकवीस दिवस राखायच्या, आणि शेवटी अंडी फोडावीत तर आत नुसतं पाणी. वांझ म्हणून त्यांनी दोघींचा निकाल लावला. तिसरीही तशीच निघाली तेव्हा तिला पिशवीत घालून त्या नेरूळला जनावरांच्या डॉक्टर क्षिप्राकडे गेल्या.

"आजी, हिला कशाला आणलंत? आधी कोंबडा तपासायचा असतो," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबडा नेला. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवत काचेवर थेंबभर वीर्य काढलं.

"हे दुधासारखं दाट हवं. हे बघा, पाणी आहे नुसतं." मग त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. "काही हलताना दिसतंय? जवळजवळ सगळं मेलेलं आहे. गच्चीवर पत्र्याखाली ठेवता ना? एवढ्या उकाड्यात असंच होतं. वयही झालंय त्याचं. कोंबड्या चांगल्या आहेत तुमच्या."

शेवंताबाई रिक्षात बसल्या, पण जुईनगर कधी आलं ते त्यांना कळलं नाही.

शेती सरकारी संपादनात गेल्यावर पुतण्याने गावठाणात चार मजली इमारत उठवली. तिच्या तळमजल्यावर त्या आणि त्यांची सवत गोजरा राहायच्या. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नाही म्हणून नवऱ्याने, हिराजीने, गोजराला आणली होती. तिलाही काही झालं नाही. तरी गावाने बोट ठेवलं ते शेवंताबाईंवर. थोरलीची दृष्ट लागली म्हणाले. पुढे चाळीस वर्षं त्यांना कुणी बारशाला बोलावलं नाही.

घरी गोजरा बोंबील साफ करत बसली होती. शेवंताबाईंनी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, "आपल्या येळी आपल्यालाच धरलं. त्यांना कोनी तपासलं काय गं?"

गोजराचा हात थांबला.

"तपासलं व्हतं," ती खाली बघत म्हणाली. "ठान्याच्या डॉक्टरनी. दोष त्यांच्यातच व्हता. मी पडद्यामागं उभी व्हते."

"मंग?"

"कोनाला बोलनार नाय, अशी देवापुढं शपथ घ्यायला लावली मना."

"ते मेले त्याला बारा वर्सं झाली, गोजरा."

"सांगितलं असतं तर तू मना हाकलून दिलं असतंस. मी जानार कुठं व्हते?"

शेवंताबाई बराच वेळ त्या कापलेल्या दोन कोंबड्यांचा विचार करत राहिल्या. मग उठून त्यांनी आपला तांदळाचा डबा आतल्या खोलीत नेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळी शेगडी आणली.

कोंबड्यांचा खुराडा त्यांनी खाली सावलीत हलवला आणि उरणकडून तरुण कोंबडा आणला. श्रावणात तेरापैकी अकरा पिल्लं निघाली. गोजरा दारात उभी राहून बघत होती. तिला जवळ ये, असं कुणी म्हटलं नाही.

गोजराला अक्षर ओळखता येत नाही. म्हणून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या शेवंताबाई रोज सकाळी काढून वाटीत ठेवतात. वाटी उंबऱ्यावर ठेवतात आणि न बोलता मागे फिरतात.